साडेतीनशेच्या गाडीचा थांबा

प्रणालीच्या साखरपुड्यात टिळे झाले, अंगठ्या झाल्या, पंगत उठली. आता लग्नाची तारीख काढायला माणसं बसणार, तेवढ्यात एका आगगाडीनं घात केला.

ही गाडी अकोल्यात नव्हती, भारतातही नव्हती. ती चीनमध्ये होती आणि प्रणालीच्या आतेबहिणीच्या नवऱ्याच्या, म्हणजे मनोजभाऊजींच्या मोबाईलमध्ये धावत होती. डाबकी रोडवरच्या घरासमोर मांडव घातलेला, जेवण सगळ्यांच्या अंगावर आलेलं. पंचांग आत देवघरात होतं आणि ते आणायला गेलेलं माणूस तिकडंच कोणाशी तरी बोलत राहिलं. मोकळा वेळ दिसला की मनोजभाऊजी मोबाईल काढत. त्यांनी तो काढला.

"पाहा, चाचणीत साडेचारशेच्या वर गेला काटा," ते म्हणाले. "जगात चाकावर चालनारी अशी दुसरी नाई."

प्रणालीचे वडील सूर्यभान पुढं सरकून बघू लागले. त्यांचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं, आणि पाणी असो की माणूस, एका जागेहून दुसऱ्या जागी लवकर कसं जातं याची त्यांना भारी आवड. "ग्लासातलं पानी बी हालून नाई राहिलं," ते म्हणाले. "आपली मुंबई-नागपूरवाली आली ना, तं अकोल्यात बसलो का चहा संपाच्या आत नागपूर."

समोरच्या खुर्चीवर खुशालराव दात कोरत बसले होते. ते नवरदेवाचे, नितेशचे मोठेबाबा, म्हणजे थोरले चुलते. नितेश शाळेत असतानाच त्याचे वडील वारले. तेव्हापासून त्याचं शिक्षण, नोकरी, आणि आता लग्न, सगळं खुशालरावांनीच पुढं होऊन केलं. ते शेतीखात्यातून निवृत्त झालेले, आणि अमरावतीबद्दल कोणी एक शब्द कमी बोललेला त्यांना चालत नसे.

"अकोल्यात कसे बसान?" ते म्हणाले. "बडनेऱ्याले या लागन तुमाले."

"काहून?"

"थांबा बडनेऱ्याले राहीन. विभागाचं ठिकान अमरावती हाये. कमिशनर तिथं बसते."

"बसू द्या ना कमिशनरले. जंक्शन अकोला हाये. तुमच्या अमरावतीले तं मेन लाईन बी नाई. बडनेऱ्याहून शेपटी जोडा लागली तुमाले."

"आमच्या बेलोऱ्याले विमान उतरते."

"मंग विमान हाये तं गाडी कायले पायजे?"

इथवर लोक हसत होते. प्रणालीची आई जमुना पानाचं तबक घेऊन आली होती, ती म्हणाली, "दोनी गावाले थांबन ना. त्यात काय?"

हा एक शहाणपणाचा शब्द होता. पण मनोजभाऊजींनी तोही टिकू दिला नाही. "तसं नाई जमत, मामी. आपली राहीन साडेतीनशेची गाडी. ऐंशी किलोमीटरात दोन थांबे देले, तं ते वेग घेईन कवा अन् सोडीन कवा? एकच राहीन. एक तं अकोला, नाई तं बडनेरा."

मग मात्र दोघांनीही बाह्या सरसावल्या. प्रणाली आतल्या खोलीच्या दारात उभी होती. डोक्यावर फुलं, बोटात अंगठी, आणि समोर तिचे वडील आणि होणारे चुलतसासरे एका अशा गाडीसाठी भांडत होते, जिचा एक रूळही अजून कुठं टाकलेला नव्हता. तिनं नितेशकडं पाहिलं. नितेशनं मांडवाच्या छताकडं पाहिलं.

"मे महिन्यात तुमच्या अकोल्यात गाडी थांबली," खुशालराव म्हणाले, "तं एसीतून उतरन कोन?"

अमरावतीकडचे सगळे खदखदून हसले. सूर्यभाननी खुर्ची पुढं ओढली. "मंग अकोल्याची पोरगी कायले पायजे तुमाले? तिकडचीच पाहाची होती."

खुशालराव उठले, चपला शोधल्या, पायात सारल्या. "तारीख मंग पाहू," ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. पंचांग घेऊन आलेलं माणूस ते हातात धरून तसंच उभं राहिलं.

त्या "मंग"ला महिना उलटला, दुसराही निम्मा झाला.

यंदा ज्येष्ठ अधिक आलेला. मेच्या मध्यापासून महिनाभर लग्नं बंद, आणि त्यानंतर पेरण्या. म्हणजे जे काही करायचं ते त्याआधी. डाबकी रोडवरच्या हॉलचा माणूस सुरुवातीला दिवसाआड जमुनाला फोन करून विचारी, तारीख सांगता की दुसऱ्याला देऊ? जमुना नवऱ्याला विचारी. सूर्यभान म्हणत, "उठून ते गेले. फोन त्यायनं करावा." तिकडं खुशालराव म्हणत, "बोलले ते. आपन पोरावाले हाओ, आपन कायले वाकाव?"

तोंडानं अबोला होता, पण मोबाईलवर दोघांचा नुसता पूर आला होता. मनोजभाऊजींनी फोटो टाकायला म्हणून "प्रणाली-नितेश शुभविवाह" असा एक ग्रुप काढून ठेवला होता. साखरपुड्याचे फोटो दोन दिवसांत संपले. तिसऱ्या दिवशी सकाळी खुशालरावांनी जपानची गाडी टाकली, लोहचुंबकावर तरंगणारी, चाचणीत सहाशेच्या वर गेलेली. खाली लिहिलं, "ही जागोजागी थांबत बसत नाही. समजणाऱ्याला इशारा पुरे." दुपारी सूर्यभाननी शांघायची टाकली. "ही विमानतळावरून थेट शहराकडे येते. शेपटी लागत नाही." दुसऱ्या दिवशी फ्रान्स, मग स्पेन, मग मोरोक्को. मोरोक्कोवाली बघून खुशालरावांनी लिहिलं की वाळवंटातसुद्धा धावते, पण तिथं अकोल्याइतकं ऊन नसेल. मनोजभाऊजी दोघांच्याही खाली शाबासकीचा अंगठा टाकत होते.

प्रणाली हे सगळं जेवणाच्या सुट्टीत वाचायची. ती अमरावतीत खोली घेऊन राहायची आणि जवळच्या नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत एका कापडाच्या कारखान्यात तपासणीवर होती. खालून दिवा लावलेल्या काचेवरून कापड सरकत राहायचं आणि तुटलेला धागा, डाग, गाठ दिसली की तिथं खूण करायची. दिवसभर डोळे ताणून ती बाहेर यायची, डबा उघडायची, आणि तिच्याच शुभविवाहाच्या ग्रुपवर स्पेनची गाडी. शालू कुठला घ्यायचा हे दीड महिन्यात एकाही माणसानं तिथं विचारलं नव्हतं.

एका रविवारी ती बडनेऱ्याला नितेशला भेटली. तो रेल्वेत सिग्नलच्या देखभालीवर होता. स्टेशनाबाहेरच्या टपरीवर चहा सांगून तिनं सरळ विषय काढला.

"तू रेल्वेत हायेस. सांग ना मोठेबाबाले, का थांब्याचं अजून काईच ठरलं नाई."

"सांगतलं."

"मंग?"

"म्हने, तू मालगाडीचे सिग्नल पाह्य."

तिला हसू आलं, आणि हसू आल्याचाच जास्त राग आला. "अन् तू पाहून राहिला?"

"काय करू मंग? बाबा गेले तवापासून त्यायनंच केलं माहं सारं. त्यायच्यासमोर आवाज निंगत नाई माहा."

"मंग लग्नाच्या दिवशी अंतरपाटामांगं बी त्यायलेच उभं करजो," ती म्हणाली आणि चहा अर्धा टाकून उठली. नितेश तिच्या मागं चार पावलं आला. काही बोलेल म्हणून ती थांबली. तो म्हणाला, "ऑटो पाहून देऊ काय?"

पुढच्या रविवारी तिनं अकोल्याची गाडी पकडली. घरी न जाता आधी दुकानात गेली. काळ्या नळ्यांच्या वेटोळ्यांमध्ये सूर्यभान एका गिऱ्हाइकाला ठिबकबद्दल कमी आणि चुंबकाच्या गाडीबद्दल जास्त सांगत होते. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती स्टुलावर बसून राहिली.

"बाबा, फोन करा त्यायले."

"मी काहून करू?"

"माहं लग्न हाये म्हनून."

सूर्यभाननी काउंटरच्या काचेखालून एक कागद काढला. नळ्यांच्या जाहिरातीचं ते पान होतं आणि पाठीमागं त्यांनी पेनानं एक लांब रेघ ओढली होती. एका टोकाला अकोला, दुसऱ्या टोकाला बडनेरा. "हे पाह्य. तुले वाटते बाप फालतू भांडून राहिला. साडेतीनशेची गाडी अन् अकोल्याले थांबा, तं मी इथून बसलो का पाव घंट्यात तिकडं. आईनं सकाळी थालीपीठ केलं, तं गरमच्या गरम तुले. तू दुखली-खुपली तं मी हाजर. थांबा जर बडनेऱ्यालेच देला, तं इथून अकोल्याच्या मानसानं काय कराव? नुसतं खालून वर पाहाव, सर्रकन गेली म्हनून?"

असं काही ती ऐकायला आली नव्हती. पण दीड महिन्याची चिडचिड त्याहून मोठी होती.

"आता किती लागते, बाबा? साध्या गाडीनं?"

"घंटा. सवा-दीड घंटा."

"चार वर्षं झाले मी अमरावतीले रायतो. तुमी एकदा तरी आले काय?"

सूर्यभाननी कागद परत काचेखाली सारला. "दुकान असते, प्रणाली."

"साडेतीनशेची आली तं दुकान आपोआप बंद होते काय?"

तेवढ्यात एक शेतकरी आत आला आणि त्यानं नळीचा भाव विचारला. सूर्यभान घाईघाईनं उठले आणि मोजपट्टी शोधू लागले, ती त्यांच्या गळ्यातच होती. प्रणाली घरी गेली, आईच्या हातचं जेवली, आणि दुपारच्या गाडीनं परत आली. येताना ग्रुप उघडून पाहिला. त्या दिवशी वडिलांनी काही टाकलं नव्हतं. खुशालरावांनी जर्मनीची टाकली होती.

बुधवारी दुपारी ती कामावर असताना फोन आला.

"मी निंगालो," सूर्यभान म्हणाले.

"कुठं?"

"तुह्या इकडं. गाडीत हाओ."

"अन् दुकान?"

"बंद केलं."

तिला आधी आनंद झाला नाही, वैतागच आला. चार वर्षांत वेळ मिळाला नाही आणि आता आले ते न सांगता, बुधवारी, तिची पाळी संध्याकाळपर्यंत असताना. बडनेऱ्याहून त्यांना खोली सापडणार नव्हती. तिनं नितेशला फोन लावला. तोही रुळावर, टाकळीकडं कुठंतरी, उन्हात.

"मी सुटत नाई," तो म्हणाला. "मोठेबाबाले सांगतो."

"ते जातीन?"

"सांगतो म्हटलं ना."

त्यानं काय सांगितलं ते तिला नंतर नितेशच्या आईकडून, मनकर्णाबाईंकडून कळलं. फोन स्पीकरवर होता. "मोठेबाबा, प्रणालीचे बाबा येऊन राहिले. तुमी घ्याले जा. तुमी नाई गेले तं मी काम सोडून जातो, अन् मंग मले काय होईन ते होवो." खुशालराव बराच वेळ फोनकडं बघत बसले, जणू तो दुसऱ्याच कोणाचा आहे. मग त्यांनी स्कूटीची चावी मागितली.

पुढचं सूर्यभान आणि खुशालराव दोघांनीही तिला वेगवेगळं सांगितलं, पण दोन्ही हकिकती जुळत होत्या. खुशालराव बडनेऱ्याच्या फलाटावर जाऊन उभे राहिले. गाडी आली नाही. आणखी थोडा वेळ गेला, तरी आली नाही. शेवटी त्यांनी दीड महिन्यात पहिल्यांदा सूर्यभानचा नंबर लावला.

"सूर्यभानजी, खुशाल बोलतो. कुठं हाये?"

"कुरुमच्या अलीकडं. उभी हाये."

"काहून?"

"म्हशी आल्या म्हनते रुळावर. खाली उतरून पाहून राहिले लोक."

"किती म्हशी हाये?"

"मले इथून शेपट्याच दिसून राहिल्या."

थोड्या वेळानं पुन्हा फोन. "निंगाली काय?" "नाई. मालक आला. पन म्हशी त्याचं बी ऐकून नाई राहिल्या." मग पुन्हा. फलाटावरचा पंखा फक्त स्वतःपुरता फिरतो, हे खुशालरावांनी सांगितलं. डब्यातली खिडकी वर केली तर ऊन आणि खाली केली तर घाम, हे सूर्यभाननी सांगितलं. म्हशीच्या मालकाला काय म्हणावं यावर दोघांचं एकमत झालं. गाडी जागची हलली तेव्हा सूर्यभान म्हणाले, "खुशालराव, एक इचारू काय? साडेतीनशेच्या गाडीसमोर अशा म्हशी आल्या तं?"

"तेच मी बी इचार करून राहिलो," खुशालराव म्हणाले. "थे तं पुलावरूनच न्या लागन."

संध्याकाळी कारखान्याची बस, मग ऑटो करून प्रणाली साईनगरला नितेशच्या घरी पोचली, ती जीव मुठीत धरूनच. आत काय चाललं असेल याची तिनं रस्ताभर कल्पना केली होती. पाहते तर दोघं मागच्या अंगणात खाटेवर बसून संत्री सोलत होते आणि पूल किती उंच असावा यावर बोलत होते.

"आली काय," सूर्यभान म्हणाले. "बस. गोड हाये संत्री."

"तारीख काढली?" तिनं विचारलं.

"काढू ना," खुशालराव म्हणाले. "घाई काय हाये? आता जागेचं पाहू आधी. मी म्हनतो लग्न अमरावतीलेच करू. अकोल्याच्या उन्हात वऱ्हाड नेनं म्हंजे..."

"पोरीच्या दारात लग्न होते, खुशालराव. रीत हाये."

"रीत हाये, पन ऊन बी हाये ना."

"अमरावतीले काय बर्फ पडते काय?"

प्रणालीनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली. ठेवली म्हणण्यापेक्षा टाकली. बोलायला तिनं तोंड उघडलं, पण आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला. मनकर्णाबाई डोक्यावरचा पदर पुढं ओढून उभ्या होत्या. भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, त्या सहसा बोलत नसत. आताही त्या खुशालरावांकडं न बघता तुळशीकडं बघून बोलल्या.

"तारीख ठरली हाये. मेचा पहिला शुक्रवार. अकोल्याले, डाबकी रोडच्या हॉलात. जमुनाताईचं अन् माहं बोलनं झालं मांगच्या महिन्यातच. हॉल बी ठेवला हाये."

खुशालरावांच्या हातातली फोड तशीच राहिली. सूर्यभान म्हणाले, "जमुना मले काई बोलली नाई."

"तुमी दोघं कामात होते," मनकर्णाबाई म्हणाल्या.

दोघांनीही पुढं संत्री खाल्ली, जरा हळू.

प्रणाली सासूच्या मागं स्वयंपाकघरात गेली. "मागच्या महिन्यात ठरलं, तं मले काहून नाई सांगतलं? मी इतके दिवस डोकं फोडून राहिली. अकोल्याले जाऊन बाबासंग भांडली."

"म्हनूनच नाई सांगतलं," मनकर्णाबाई चहाचं आधण ठेवत म्हणाल्या. "तारीख आमाले काढता येते, बाई. पन त्या दोघायले एका खाटेवर बसवनं आमच्यानं होत नव्हतं. तुह्या आईनं म्हटलं, पोरीले राग येऊ द्या, ते आनते बरोबर."

आता या दोघींवरही चिडावं की काय, हे प्रणालीला ठरवता येईना. तिनं कपाटातून कप काढले आणि जरुरीपेक्षा जोरात ओट्यावर ठेवले. नितेश तेवढ्यात कामावरून आला, धुळीनं माखलेला. त्यानं दारातूनच अंगणात डोकावलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "भांडले?" तिनं नाही म्हणून मान हलवली. "तू बोलला म्हने मोठेबाबाले," ती म्हणाली. तो लाजून हातपाय धुवायला गेला.

परतीच्या गाडीला थोडा अवकाश होता. सूर्यभान म्हणाले, आधी तुझी खोली दाखव. गाडगेनगरात दुसऱ्या मजल्यावर ती रागिणी नावाच्या मुलीबरोबर राहायची. जिना चढून सूर्यभान दारातच उभे राहिले. दोन खाटा, एक टेबल, दोरीवर कपडे. कुठं बसावं ते त्यांना कळेना. रागिणीनं खुर्ची पुढं केली.

त्यांनी खिडकीचा पडदा सारला. समोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत होती.

"इथंच रायतं चार वर्षांपासून?"

"हाव."

"भिंत हाये म्हनून सांगतलं नाई कधी."

"तुमी इचारलं नाई."

सूर्यभाननी पडदा परत लावला, नीट, दोन्ही कडा जुळवून. "त्यायच्या घराले मांगं अंगन हाये," ते म्हणाले. "हवा चांगली येते. मी पाह्यलं."

रागिणीनं चहा केला. प्रणाली घड्याळाकडं बघत होती. बडनेऱ्याला पोचायलाच वेळ लागणार होता, आणि वडील खुर्चीवर ऐसपैस बसून रागिणीला तिचं गाव विचारत होते, घरी कोण कोण, वडील येतात का भेटायला. मग त्यांनी प्रणालीकडं मोर्चा वळवला. कारखान्यात नेमकं काय करतेस? कापडातला तुटलेला धागा दिसतो कसा? चुकून सुटला तर?

"बाबा, गाडी जाईन."

"जाऊ दे. दिवा खालून असते म्हटलं ना तू? मंग सावली कोनीकडं पडते?"

तिनं एकदा सांगितलं. त्यांना नीट कळलं नाही म्हणून ओढणी दिव्यासमोर धरून परत सांगितलं. तोवर गाडी गेली असणार हे उघड होतं. आता यांना झोपायला कुठं पाठवायचं? तिनं फोन उचलला आणि खुशालरावांचा नंबर लावला. ते दोघं रात्री परत त्या खाटेवर बसतील, आणि उद्या सकाळपर्यंत तारीख नाही तर जागा, काहीतरी पुन्हा मोडायला काढतील, याची तिला खात्री होती.

"मोठेबाबा, स्कूटी घेऊन येता काय गाडगेनगरले? बाबाची गाडी चुकली."

"कशी काय चुकली?"

"माहं काम समजून घेऊन राहिले," ती म्हणाली. समोर सूर्यभान ओढणी हातात घेऊन ती दिव्याकडं उलटसुलट धरत होते.